मलमृदुकर औषधे : उपयोग आणि मर्यादा

कावेरीकाठच्या तंजावर शहराशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) हे विद्याव्यासंगी पुरुष म्हणून प्रसिद्ध आहेत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व त्याभोवतीचा थोडा मुलूख तेवढा उरला. तेव्हा त्यांनी आपली शक्ती ग्रंथसंग्रह, मुद्रण आणि वैद्यक यांकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी मोठी वाढ केली आणि ‘धन्वंतरी महाल’ नावाची संस्था उभारून तेथे पाश्चात्य, आयुर्वेदीय, युनानी व सिद्ध या पद्धतींच्या वैद्यांना एकत्र आणले. तेथे माणसांसाठी व जनावरांसाठीही औषधे तयार होत. अनुभवास आलेले औषधयोग पुढे तमिळ पद्यांत ग्रथित झाले व विसाव्या शतकात ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने खंडशः छापले गेले. राजांच्या काळी उपचार झालेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत.

अशा नोंदींमागील विचार साधा, परंतु महत्त्वाचा आहे. औषधाचे नाव ठाऊक असणे म्हणजे औषध ठाऊक असणे नव्हे. ते कोणाला दिले, किती दिले, किती दिवस दिले आणि परिणाम काय झाला, हे चार प्रश्न विचारल्यावाचून औषधाचे ज्ञान पुरे होत नाही. पूर्वी हे प्रश्न वैद्य विचारीत असे. आज तंजावरात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी काय, मलावरोधावरील कित्येक औषधे कोणीही दुकानात जाऊन मागू शकतो. अशा वेळी वैद्याने विचारावयाचे प्रश्न औषध घेणाऱ्यालाच स्वतःस विचारावे लागतात. मलमृदुकर, म्हणजे मळ मऊ करणाऱ्या, औषधांच्या बाबतीत ते कसे विचारावेत, हे या पाठात पाहावयाचे आहे.

मलावरोध कशास म्हणावे?

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, न झाल्यास शरीरात विष साठते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. निरोगी माणसांच्या सवयींत पुष्कळ फरक असतो. दिवसातून तीन वेळा शौचास होणारा माणूस निरोगी असू शकतो आणि आठवड्यातून तीन वेळा होणाराही निरोगी असू शकतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ कोरडा व खड्यासारखा होणे, फार कुंथावे लागणे, किंवा होऊनही पोट साफ झाले नाही असे वाटणे, ही मलावरोधाची लक्षणे होत. एखादा दिवस चुकला एवढ्यावरून औषधाची बाटली हाती घेण्याचे कारण नाही.

प्रसंगोपात्त होणारा मलावरोध बहुतेकांना ठाऊक असतो. प्रवास, लग्नकार्यातील जागरणे, आजारपणात अंथरुणास खिळून राहणे, आहारातील बदल, उन्हाळ्यात घामावाटे गेलेले पाणी भरून न काढणे, ही त्याची नेहमीची कारणे. काही औषधांनीही मलावरोध होतो. पांडुरोगावरील लोहाच्या गोळ्या, कोडीनसारखी अफूपासून निघालेली वेदनाशामके, आम्लपित्तावरील ॲल्युमिनियमयुक्त औषधे आणि रक्तदाबावरील काही गोळ्या ही त्यांतील सर्वपरिचित उदाहरणे होत. अशा वेळी दुसरे औषध घेण्यापूर्वी पहिल्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारणे अधिक शहाणपणाचे असते. मात्र त्यांना न विचारता ते परस्पर बंद करू नये.

आतड्यातील पाण्याचा जमाखर्च

मळ कठीण का होतो हे कळण्यासाठी आतड्यातील पाण्याचा हिशेब पाहिला पाहिजे. प्यालेले पाणी, अन्नातील पाणी, लाळ, जठररस, पित्त व इतर पाचक रस मिळून दिवसाकाठी सुमारे ९ लिटर द्रव पचनमार्गात उतरतो. त्यातील बहुतांश लहान आतडे शोषून घेते. सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात पोहोचतो. मोठे आतडे हे केवळ दीड मीटर लांबीचे असले, तरी पाणी राखण्याचे काम ते फार चोखपणे करते. आलेल्या द्रवापैकी जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी मळाबरोबर बाहेर पडते.

मऊ, बांधीव मळात सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी असते. उरलेल्या भागात जंतू, अन्नातील न पचलेला चोथा व थोडे स्निग्ध पदार्थ असतात. मळ मोठ्या आतड्यात जितका अधिक काळ रेंगाळेल, तितके त्यातील पाणी अधिक शोषले जाते. म्हणूनच शौचाची भावना झाली असता ती दाबून ठेवणे अपायकारक ठरते. चरकसंहितेत या विषयाला ‘नवेगान्धारणीय’ हा एक स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. वेग अडवू नयेत हे त्या नावातच सांगितले आहे. शाळेतील शौचकूप अस्वच्छ असल्यामुळे दिवसभर वेग दाबून ठेवणारी मुलगी, किंवा आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत थांबणारी शेतमजूर स्त्री, यांचा मलावरोध औषधाने कायमचा जाणार नाही. तेथे खरा उपाय पाण्याची सोय असलेला स्वच्छ शौचकूप हाच होय.

औषधांचे वर्ग

लोकव्यवहारात ‘पोट साफ होण्याचे औषध’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या रीतीने कार्य करणारी द्रव्ये येतात. त्यांचे मुख्यतः पुढील वर्ग करता येतात.

(१) चोथा वाढविणारी : यांत इसबगोल प्रमुख आहे. गुजरात व राजस्थान येथे त्याचे पीक मोठ्या प्रमाणावर निघते. त्याच्या बियांवरील भुसा पाणी शोषून फुगतो व मळाला मऊपणा आणि आकार देतो. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा लागतो. कोरडा किंवा अपुऱ्या पाण्याबरोबर घेतल्यास तो घशात वा आतड्यात अडकू शकतो.

(२) पाणी ओढून घेणारी : लॅक्ट्युलोज ही शर्करा, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि मॅग्नेशियमची लवणे ही या वर्गात पडतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मॅग्नेशियमयुक्त औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

(३) आतड्यास चेतविणारी : सोनामुखी, एरंडेल व बिसाकोडिल ही द्रव्ये आतड्याच्या हालचाली वाढवितात. सोनामुखीचे पीक तमिळनाडूच्या दक्षिण भागात घेतले जाते आणि जगाच्या बाजारपेठेत ती तिरुनेलवेलीच्या नावानेच ओळखली जाते. तिचा परिणाम सहा ते बारा तासांत दिसतो आणि तिच्यामुळे पोटात मुरडाही येऊ शकतो.

(४) वंगण घालणारी : द्रव पॅराफिन हे याचे उदाहरण. हे खनिज तेल मळाभोवती पातळ थर धरते. निजून घेतल्यास ते चुकून श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाला इजा करू शकते. म्हणून लहान मुले, वृद्ध व गिळण्यास त्रास होणारी माणसे यांना ते देऊ नये.

(५) मलमृदुकर : या वर्गातील मुख्य औषध डॉक्युसेट सोडियम हे होय. प्रस्तुत पाठाचा विषय तेच आहे.

मलमृदुकर औषध कसे कार्य करते?

डॉक्युसेट हे द्रव्य मुळात वैद्यकासाठी शोधलेले नव्हते. पदार्थ लवकर भिजावेत यासाठी उद्योगधंद्यांत वापरावयाचे द्रव्य म्हणून अमेरिकेत १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. मलावरोधावर त्याचा उपयोग करण्याची सूचना १९५५ मध्ये पुढे आली. त्याचे कार्य साबणासारखे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण असतो. साबणाने तो कमी होतो आणि पाणी, एरवी जेथे शिरत नाही, तेथे शिरू लागते.

हे तत्त्व शाळेत सहज दाखविता येते. दोन काचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घ्यावे. दोहोंवर चिमूटभर हळदपूड अलगद भुरभुरावी. पूड बहुतांशी पृष्ठभागावर तरंगत राहील. आता एका पेल्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब सोडावा. त्या पेल्यातील पूड झटकन कडेला पसरते, भिजते आणि खाली बसू लागते. दुसऱ्या पेल्यातील पूड तशीच राहते. पाणी दोन्ही पेल्यांत तेवढेच आहे. फरक पडला तो भिजविण्याच्या शक्तीत. मळात पाणी व स्निग्ध पदार्थ शिरावेत म्हणून डॉक्युसेट हेच कार्य करते.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पेल्यात पाणीच नसते, तर साबणाचा थेंब काहीही करू शकला नसता. मलमृदुकर औषध पाणी निर्माण करीत नाही. ते आतड्याला ढकलीतही नाही. म्हणून दिवसभर पाणी न पिता रात्री गोळी घेणाऱ्याला तिचा उपयोग होत नाही. त्याचप्रमाणे हे औषध घेतल्यावर दोन तासांनी परिणामाची वाट पाहणेही चुकीचे आहे. परिणाम दिसण्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून दुप्पट गोळ्या घेणे, ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय.

कसोटीवर किती उतरते?

दीर्घकाळ वापरात असलेले औषध गुणकारी असलेच पाहिजे असे नाही. डॉक्युसेटची तुलना इतर औषधांशी केली असता जे दिसून आले, ते वाचकांसमोर ठेवणे अवश्य आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुनाट मलावरोध असलेल्या १७० व्यक्तींपैकी काहींना इसबगोल व काहींना डॉक्युसेट दोन आठवडे देण्यात आले. मळातील पाणी वाढविण्यात व शौचाची वारंवारता सुधारण्यात इसबगोल सरस ठरले. २०१३ मध्ये कॅनडातील ७४ अत्यवस्थ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांना सोनामुखी चालू होती. काहींना तिच्या जोडीला डॉक्युसेट, तर इतरांना त्यासारखीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष संयमाने काढला पाहिजे. मलमृदुकर औषध हे बेताच्या शक्तीचे औषध आहे. मळ कठीण असून कुंथणे टाळावयाचे आहे, अशा थोड्या दिवसांच्या प्रसंगी ते दिले जाते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, मूळव्याधीने किंवा गुदद्वाराला चीर पडल्याने वेदना होत असता, अथवा हृदयविकारात जोर करणे धोक्याचे असता, डॉक्टर ते सुचवितात. जुनाट मलावरोधावर मात्र त्याच्यावर विसंबणे योग्य नाही.

सुरक्षितपणे घेण्याची रीत

औषध घेण्यापूर्वी वेष्टनावरील मजकूर संपूर्ण वाचावा. केवळ व्यापारी नाव पाहून औषध घेऊ नये; त्यातील घटकद्रव्ये पाहावीत. काही गोळ्यांत डॉक्युसेटबरोबर सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारखे चेतविणारे द्रव्यही मिसळलेले असते. अशी गोळी ‘सौम्य’ समजून रोज घेणारा माणूस वस्तुतः तीव्र रेचक घेत असतो.

मात्रा वेष्टनावर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीत दिलेली असेल तेवढीच घ्यावी. प्रौढांसाठी डॉक्युसेटची मात्रा सामान्यतः दिवसाला ५० ते ३०० मिलिग्रॅम असते व ती एका किंवा अधिक वेळांत विभागून घेतात. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि दिवसभरही पाणी पुरेसे प्यावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण नेमून दिलेले आहे, त्यांनी ते मोडू नये. द्रवरूप औषध कडू असते व घशाला झोंबते. म्हणून ते दुधात किंवा फळांच्या रसात मिसळून घेतात. ते मोजण्यास घरातील चमचा वापरू नये. औषधाबरोबर मिळणारे माप वापरावे.

डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे औषध एका आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये. द्रव पॅराफिनबरोबर तर ते मुळीच घेऊ नये; कारण जे तेल एरवी आतड्यातून तसेच निघून जावयाचे, ते डॉक्युसेटमुळे शरीरात शोषले जाऊ लागते. पोटात थोडा मुरडा येणे किंवा मळ फार पातळ होणे हे त्याचे सामान्य दुष्परिणाम होत. जुलाब सुरू झाल्यास औषध थांबवावे. अंगावर पुरळ उठल्यास किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. गर्भवती व स्तन्यपान देणाऱ्या स्त्रियांनी, तसेच लहान मुलांसाठी, डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे. मोठ्यांची अर्धी गोळी मुलाला देण्याची पद्धत धोक्याची आहे.

केव्हा घेऊ नये?

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. मलावरोध हा प्रत्येक वेळी केवळ मलावरोधच असतो असे नाही. कधी तो दुसऱ्या, गंभीर विकाराचे लक्षण असतो. पोटात तीव्र दुखत असता, मळमळ किंवा उलटी होत असता, पोट फुगून वायूही सरत नसता कोणतेही सारक किंवा रेचक औषध घेऊ नये. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, अंतर्गळात आतडे अडकलेले असू शकते किंवा आंत्रपुच्छाला सूज आलेली असू शकते. अशा रोग्याला ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून घरात एरंडेल पाजले जाते. त्यात मोलाचे तास निघून जातात, आणि रेचकाच्या जोराने सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचाही धोका असतो. येथे रुग्णालय गाठणे हाच एकमेव मार्ग आहे.

पुढील परिस्थितीतही औषध घेत न राहता तपासणी करून घ्यावी : शौचावाटे रक्त पडणे किंवा मळ डांबरासारखा काळा होणे, कारणावाचून वजन घटणे, शौचाची नेहमीची सवय एकाएकी बदलून तो बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, आणि विशेषतः पन्नाशी उलटल्यावर मलावरोध नव्याने सुरू होणे. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो हे खरे. पण ते ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य यांची पहिली खूण कधी कधी मलावरोध हीच असते. मूळव्याध आहे असे गृहीत धरून वर्षभर गोळ्या घेत राहणारा मनुष्य, ज्या वेळी रोग बरा होऊ शकला असता तीच वेळ गमावतो.

कावेरीकाठचा भात आणि अन्नातील चोथा

तंजावरचा परिसर तमिळनाडूचे धान्यकोठार म्हणून ओळखला जातो. भातावरील प्रक्रियांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेले केंद्र येथे वाढले असून, आज ती अन्नप्रक्रियेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. भाताच्या दाण्याची हकीकत मलावरोधाच्या विषयाशी निकटची आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम न सडलेल्या तांदळात सुमारे ४.४ ग्रॅम चोथा असतो. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो सुमारे २.८ ग्रॅम उरतो. उकड्या तांदळाचे प्रमाण या दोहोंच्या दरम्यान असते. कोंड्याबरोबर चोथा निघून जातो. नाचणीत मात्र तो १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम असतो आणि ज्वारी-बाजरीही याबाबतीत नाचणीच्या जवळपास आहेत.

युगांडात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेले डॉ. डेनिस बर्किट यांनी १९७० नंतरच्या दशकात, अन्नातील चोथा आणि मळाचे आतड्यातील रेंगाळणे यांच्या संबंधाकडे जगाचे लक्ष वेधले. प्रौढ माणसाला रोज साधारणतः २५ ते ३० ग्रॅम चोथा मिळावा असे मानले जाते. केवळ पांढऱ्या भातावर व पातळ आमटीवर तो मिळत नाही. कडधान्ये, पालेभाज्या, शेंगभाज्या, पेरू-पपईसारखी फळे व कोंड्यासह दळलेले धान्य यांचा आहारात समावेश असावा. चोथा एकदम न वाढविता हळूहळू वाढवावा. अन्यथा पोटात वायू धरतो.

अन्नाइतकीच सवयही महत्त्वाची आहे. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. म्हणून न्याहरीनंतर थोडा वेळ राखून, घाई न करता शौचास बसणे हितावह असते. रोज चालण्यानेही आतड्याच्या कार्यास मदत होते.

समारोप

मलमृदुकर औषध हे थोड्या दिवसांचे साहाय्य आहे. ते पाण्याची, चोथ्याची किंवा नियमित सवयीची जागा घेऊ शकत नाही, आणि गंभीर रोगावर पांघरूण घालण्यासाठी तर त्याचा उपयोग कधीच होता कामा नये.

तंजावरच्या राजवैद्यांनी मागे ठेवलेल्या नोंदींवरून प्रत्येक घराला एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे. औषध सुरू करताना एका कागदावर त्याचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि दिसून आलेला परिणाम लिहून ठेवावा. आठवडा उलटला व फरक पडला नाही, तर तोच कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणाला, किती, किती दिवस आणि काय परिणाम झाला, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यांना त्या कागदावर मिळतील, आणि रोगाचे निदान करण्यास त्यांना तेथूनच आरंभ करता येईल.